पैसा कोणाचा आणि गेम कोणाचा?

एखादा गेम अर्धाकच्चा बाजारात आला की पुढचं भांडण ठरलेलं असतं. स्टुडिओतली पोरं गुणी आणि पब्लिशर हावरट. त्यानेच घाई केली, त्यानेच वाट लावली. कधीकधी ते खरंही असतं. पण पब्लिशर नेमकं करतो काय, त्याचा पैसा कुठे अडकलेला असतो आणि विक्री सुरू झाल्यावर तो कोणाच्या खिशात आधी जातो, याचा विचार शिव्या घालणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी केलेला असतो. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. पैशाचा क्रम कळला की या दोघांमधली निम्मी भांडणं आपोआप कळतात.

ओळखपरेड आधी उरकून घेऊ. डेव्हलपर म्हणजे गेम बनवणारे लोक, मग तो दोनशे जणांचा स्टुडिओ असो की एकटा माणूस. पब्लिशर म्हणजे त्यावर पैसा लावणारा आणि गेम लोकांपर्यंत पोचवणारा. तिसरा एक जण असतो, त्याला बहुतेक जण विसरतात: प्लॅटफॉर्मचा मालक. म्हणजे सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट किंवा पीसीवर ‘स्टीम’ चालवणारी व्हॉल्व्ह. दुकान त्याचं, त्यामुळे गल्ल्यातला पहिला वाटा त्याचा. एकच कंपनी या तिन्ही भूमिकाही करते. निन्टेन्डो स्वतः गेम बनवते, स्वतःच प्रकाशित करते आणि स्वतःच्याच यंत्रावर विकते. शिवाय दुसऱ्यांचे गेम त्या यंत्रावर यायचे असतील तर त्यांची फीही घेते.

नावाची भूक

१९७७ मध्ये अटारीने आपलं घरगुती यंत्र आणलं तेव्हा डेव्हलपर आणि पब्लिशर असा भेदच नव्हता. यंत्र अटारीचं, गेम अटारीचे आणि ते लिहिणारे प्रोग्रॅमर अटारीचे पगारी नोकर. खोक्यावर त्यांचं नावसुद्धा छापलं जात नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रॅमरने यावर नामी युक्ती काढली. ‘ॲडव्हेंचर’ या गेममध्ये त्याने एक गुप्त खोली बनवली. पार्श्वभूमीच्या रंगात मिसळून जाणारा एक बारीकसा ठिपका उचलून योग्य जागी नेला तरच त्या खोलीचा रस्ता उघडायचा आणि आत त्याचं नाव झळकायचं. कंपनीला याचा पत्ता लागला तेव्हा तो नोकरी सोडून गेलेला होता.

बाकीचे इतक्यावर थांबले नाहीत. कोणता गेम किती विकला गेला याचे आकडे चार प्रोग्रॅमरांच्या पाहण्यात आले आणि विक्रीतला मोठा हिस्सा आपल्याच गेमचा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे ते चौघे. वाटा मागितला तर मिळेना, तेव्हा ते बाहेर पडले आणि जिम लेव्ही यांच्यासोबत १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी गेम बनवून विकणारी ही पहिली स्वतंत्र कंपनी. अटारी कोर्टात गेली, पण शेवटी तडजोड झाली. ॲक्टिव्हिजनने खोक्यावर प्रोग्रॅमरचं नाव छापायला सुरुवात केली. क्रेनच्या ‘पिटफॉल!’च्या चाळीस लाखांहून जास्त प्रती खपल्या.

१९८२ मध्ये ट्रिप हॉकिन्सने इलेक्ट्रॉनिक आर्ट्स काढली तीही याच धर्तीवर. गेम बनवणारे कलाकार आहेत, तर त्यांना कलाकारासारखं वागवा, अशी भूमिका. सुरुवातीचे गेम गाण्यांच्या रेकॉर्डसारख्या कव्हरमध्ये येत आणि त्यावर बनवणाऱ्यांचं नाव असे. याच कंपनीला २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं एका ग्राहक-संकेतस्थळाच्या वाचकांनी अमेरिकेतली सर्वांत वाईट कंपनी ठरवलं. ॲक्टिव्हिजनचीही तीच गत, ते पुढे येईलच. बंडखोर मोठे झाले की त्यांनाही हप्ते, तारखा आणि भागधारक सांभाळावे लागतात.

दरम्यान १९८३ मध्ये अमेरिकेतला गेमचा बाजार कोसळला. कोणीही उठावं आणि काहीही विकावं, अशी अवस्था झाली होती. दोन वर्षांनी निन्टेन्डो तिथे उतरली ती दाराला कुलूप लावूनच. यंत्रात अशी एक चिप बसवली, की निन्टेन्डोने मंजूर न केलेलं कार्ट्रिज, म्हणजे गेम असलेली डबी, त्यात चालणारच नाही. पब्लिशरने वर्षाला पाचच गेम काढायचे, कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायचे आणि तो गेम दोन वर्षं दुसऱ्या यंत्रावर द्यायचा नाही. पाचाची मर्यादा चुकवायला कोनामी या पब्लिशरने ‘अल्ट्रा गेम्स’ नावाची वेगळी कंपनीच काढली! चिपचं ते कुलूप आज वेगळ्या रूपात आहे, पण दारावर बसून पैसे घेण्याची पद्धत तिथूनच रुळली.

दहा लाखांचं गणित

आता पैशाकडे येऊ. समजा पाच जणांचा स्टुडिओ आहे. पगार, भाडं, संगणक, विमा सगळं धरून माणशी महिना दहा हजार डॉलर, हा या धंद्यात बरीच वर्षं वापरला गेलेला ढोबळ अंदाज. म्हणजे महिन्याला पन्नास हजार. गेमला वीस महिने लागणार, म्हणजे दहा लाख डॉलर. पाच जणांकडे ते नाहीत. बँक देत नाही, कारण तारण काहीच नाही; एक कल्पना, थोडी चित्रं आणि दहा मिनिटं खेळता येईल असा नमुना. इथे पब्लिशर येतो आणि दहा लाख द्यायला तयार होतो.

ही रक्कम बक्षीस नसते आणि नेहमीच्या अर्थाने कर्जही नसते. ती उचल असते. गेम पडला तर स्टुडिओने ती घरातून भरून द्यायची नसते. बुडाले तर पब्लिशरचे बुडाले. हा धोका खरा असतो, कारण बहुतेक पब्लिशरांचे बरेच गेम खर्चही काढत नाहीत आणि थोड्या चालणाऱ्यांवर बाकीच्यांचा भार निघतो. म्हणून गेम चालला, की पब्लिशर आधी आपली उचल वसूल करून घेतो आणि मग स्टुडिओला रॉयल्टी सुरू होते. इथवर सगळं रास्त वाटतं. पाणी मुरतं ते ‘वसूल करून घेतो’ म्हणजे कशातून, यात.

गेमची किंमत वीस डॉलर धरू. पण सवलतींच्या हंगामात तो स्वस्तात जाणार, म्हणून सरासरी पंधरा हाती येतात असं समजू. दुकानाचा वाटा ३० टक्के, म्हणजे साडेचार डॉलर. उरले साडेदहा. करारात लिहिलंय की या निव्वळ रकमेतले ३० टक्के स्टुडिओचे, ७० टक्के पब्लिशरचे.

पहिली पद्धत: जमा होणारी सगळीच्या सगळी निव्वळ रक्कम आधी उचलीपोटी जाते आणि दहा लाख फिटले की वाटणी सुरू. दहा लाखांना साडेदहाने भागा. साधारण ९५ हजार प्रती खपल्या की स्टुडिओच्या खात्यात पहिला डॉलर पडतो.

दुसरी पद्धत: उचल फक्त स्टुडिओच्या ३० टक्क्यांतून फेडायची. साडेदहाचे ३० टक्के म्हणजे प्रतीमागे सव्वातीन डॉलरसुद्धा नाहीत. अशा चिमटीने दहा लाख फेडायचे तर सुमारे ३ लाख १७ हजार प्रती खपाव्या लागतात. तोवर एकूण निव्वळ जमा ३३ लाखांवर गेलेली असते आणि ती सगळी पब्लिशरकडे असते. त्याचे दहा लाख कधीच निघाले, वर २३ लाख आले, पण कागदावर स्टुडिओ अजून देणेकरीच. गेमच्या दोन लाख प्रती खपल्याच्या बातम्या येतात, लोक अभिनंदन करतात आणि स्टुडिओचे मालक पुढच्या महिन्याचा पगार कुठून आणायचा या विवंचनेत असतात.

दोन्ही करारांत टक्के तेच, उचल तीच, किंमत तीच. फरक एका वाक्याचा. म्हणून ‘आम्हाला ३० टक्के मिळतात’ किंवा ‘५० टक्के मिळतात’ असं कोणी सांगितलं, तर त्याला अर्थ नसतो. कशाचे टक्के आणि कधीपासून, हे विचारल्याशिवाय ती माहितीच नव्हे.

याशिवाय निव्वळ म्हणजे काय, याचीही एक कहाणी असते. जाहिरातीचे तीन लाख पब्लिशरने खर्च केले आणि ते वसुलीत धरायचे ठरलं, तर पहिल्या पद्धतीतही ९५ हजाराची सीमा सव्वा लाखाच्या जवळ जाते. भाषांतर, चाचणी, प्रदर्शनातला स्टॉल, प्रवास हेही त्यात येऊ शकतं. म्हणून शहाणा वकील दोन गोष्टी मागून घेतो: असल्या खर्चाला वरची मर्यादा आणि पब्लिशरची वही तपासायचा हक्क. दोन गेमचा करार एकाच पब्लिशरशी असेल तर आणखी एक कलम शोधायचं. पहिल्या गेमचा तोटा दुसऱ्याच्या कमाईतून वळता करायची मुभा पब्लिशरला दिली आहे का? असेल, तर दुसरा गेम चालूनही हाती भोपळा येऊ शकतो.

टप्प्याटप्प्याने

दहा लाख एकदम कोणीच देत नाही. काम टप्प्यांत वाटलेलं असतं, धंद्यात त्यांना माइलस्टोन म्हणतात. आपल्या स्टुडिओचं धरलं तर दर दोन महिन्यांनी एक लाख. करारासोबतच्या पानावर लिहिलेलं असतं: चौथ्या माइलस्टोनला पहिली पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळता यावी, तीन प्रकारचे शत्रू हालचाल करत असावेत, सेव्ह केलेला खेळ पुन्हा उघडता यावा. स्टुडिओ बिल्ड, म्हणजे तोवर झालेल्या गेमची चालती प्रत, पाठवतो, पब्लिशरचा प्रोड्यूसर खेळून बघतो आणि मंजुरी देतो. मग पैसे येतात.

गंमत अशी की कराराच्या दिवशी कोणालाच माहीत नसतं हा गेम कसा होणार आहे. शत्रू तीन हवेत की एकच पुरे, हे बनवून, खेळून, मोडून कळतं. चौथ्या माइलस्टोनपर्यंत स्टुडिओला कळलेलं असतं, की शत्रूंची सगळी कल्पनाच फसली आहे आणि ती काढून टाकली तर गेम उत्तम होईल. पण कागदावर तीन शत्रू आहेत. मग एक तर फेकून द्यायचं काम पूर्ण करून दाखवायचं, नाही तर करार बदलून मागायचा. चांगला प्रोड्यूसर इथे कामाला येतो. वरच्या लोकांना समजावून तो कागद बदलून घेतो. वाईट असेल, किंवा मध्येच बदली होऊन नवा आला असेल, तर मंजुरी महिनाभर लटकते. पन्नास हजार महिन्याचा खर्च असलेल्या स्टुडिओकडे महिनाभराची गंगाजळी क्वचितच असते. पब्लिशरच्या हिशेबात महिन्याचा उशीर ही किरकोळ बाब, तोच इकडे पाच घरांचा पगार असतो. या संबंधातली खरी असमानता मला टक्केवारीपेक्षा इथे जास्त दिसते. एकाकडे वीस गेम आहेत, दुसऱ्याकडे एकच.

आणि पब्लिशरने अर्ध्यात हात काढून घेतला तर? डबल फाइन या स्टुडिओवर ही वेळ दोनदा आली. ‘सायकोनॉट्स’ मायक्रोसॉफ्टने सोडून दिला, तो शेवटी मजेस्कोने २००५ मध्ये काढला. ‘ब्रूटल लेजंड’ ॲक्टिव्हिजनने सोडला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने घेतल्यावर ॲक्टिव्हिजन कोर्टात गेली. तेही प्रकरण तडजोडीने मिटलं आणि गेम २००९ मध्ये आला. २०१२ मध्ये याच स्टुडिओने पब्लिशरच नको म्हणून किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या संकेतस्थळावर लोकांकडे चार लाख डॉलर मागितले आणि ३३ लाखांहून जास्त जमले. तो प्रकारही वाटला तितका स्वस्त पडला नाही. गेम वाढत गेला, पैसे पुरले नाहीत आणि तो दोन भागांत काढावा लागला.

बोनसचा मामला मात्र मला अजून पटत नाही. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हा २०१० चा गेम ऑब्सिडियनने बनवला, प्रकाशित केला बेथेस्डाने. मेटाक्रिटिक या समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर शंभरपैकी सरासरी ८५ आली तरच स्टुडिओला बोनस, अशी अट होती. आली ८४. एका गुणाने बोनस गेला, हे स्टुडिओच्याच ख्रिस ॲव्हेलोन यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. कोणत्या समीक्षकाने सातऐवजी आठ दिले असते तर किती जणांच्या घरी पैसे गेले असते, असा हा हिशेब. पब्लिशरची बाजू अशी की दर्जा कशाने तरी मोजायला हवा. हवा, पण तो तिऱ्हाइताच्या पट्टीने, आणि तीही एका गुणावर सगळं किंवा काहीच नाही अशी? बंजी हा स्टुडिओ आणि ॲक्टिव्हिजन यांच्या करारातही ‘डेस्टिनी’ला ९० ची सरासरी मिळाली तर २५ लाख डॉलर असं कलम होतं. गेम ९० च्या आसपासही पोचला नाही.

तो करार लोकांना वाचायला मिळाला त्याचं कारणही एक भांडणच. ‘मॉडर्न वॉरफेअर २’ तुफान चालल्यानंतर काही महिन्यांतच, मार्च २०१० मध्ये, ॲक्टिव्हिजनने तो बनवणाऱ्या इन्फिनिटी वॉर्डच्या जेसन वेस्ट आणि व्हिन्स झॅम्पेला या दोन्ही प्रमुखांना काढून टाकलं. दोन्ही बाजू कोर्टात गेल्या, कागदपत्रं दाखल झाली आणि त्यांत बंजीचा करारही बाहेर आला. २०१२ मध्ये प्रकरण मिटलं ते गुप्त तडजोडीने. दरम्यान दोघांनी रिस्पॉन नावाचा नवा स्टुडिओ इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या पाठबळावर उभा केला होता. नाव आणि वाटा मिळत नाही म्हणून निघालेल्या चौघांच्या कंपनीविरुद्ध तीस वर्षांनी तशीच तक्रार!

गेम कोणाच्या नावावर

पैशानंतरचा, आणि लांबच्या पल्ल्यात पैशाहून मोठा प्रश्न म्हणजे मालकी. गेमचं नाव, पात्रं, जग, कोड हे सगळं कोणाचं? पब्लिशर सगळा खर्च करत असेल तर तो बहुधा मालकी मागतो.

यात बंजीचा प्रवास बघण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टने २००० मध्ये हा स्टुडिओ विकत घेतला, ‘हेलो’ मालिका बंजीने बनवली, ती मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या यंत्राची ओळख झाली. २००७ मध्ये बंजी पुन्हा स्वतंत्र झाली, पण ‘हेलो’ मायक्रोसॉफ्टकडेच राहिला. पुढे २०१० मध्ये ॲक्टिव्हिजनशी दहा वर्षांचा करार करताना बंजीने ‘डेस्टिनी’चे हक्क स्वतःकडे ठेवले. जानेवारी २०१९ मध्ये दोघांचं बिनसलं तेव्हा बंजी आपला गेम काखोटीला मारून चालती झाली. तीन वर्षांनी सोनीने ३६० कोटी डॉलर मोजून बंजी विकत घेतली. हातात फक्त माणसं असती आणि ‘डेस्टिनी’ नसता, तर हा आकडा झाला असता असं मला वाटत नाही.

‘डेमन्स सोल्स’चं उलट. फ्रॉमसॉफ्टवेअरने बनवलेला हा गेम सोनीने २००९ मध्ये जपानात काढला, पण पाश्चात्त्य बाजारात काढायचा नाही असं ठरवलं. उत्तर अमेरिकेत तो ॲटलसने आणला आणि चांगला चालला. फ्रॉमसॉफ्टवेअरने पुढचा गेम, ‘डार्क सोल्स’, बान्दाई नामकोसोबत केला आणि मग त्या शैलीचा डंका वाजला. पण ‘डेमन्स सोल्स’ हे नाव सोनीचं होतं. २०२० मध्ये नव्या प्लेस्टेशनसोबत त्याची नवी आवृत्ती आली, ती ब्लूपॉइंट या वेगळ्याच स्टुडिओने बनवलेली. कोनामी सोडल्यावर ‘मेटल गिअर’ बनवणाऱ्या हिदेओ कोजिमांचंही तेच झालं. तो गेम कोनामीकडे राहिला आणि त्यांनी नवं जग रचून ‘डेथ स्ट्रँडिंग’ काढला.

म्हणून लहान स्टुडिओंना सल्ला दिला जातो तो असा: मालकी सोडू नका. सोडावीच लागली तर पुढचा भाग बनवायची पहिली संधी आपल्याला मिळेल आणि पब्लिशरने काही वर्षांत काहीच केलं नाही तर हक्क परत येतील, एवढं तरी लिहून घ्या. डबल फाइनला ‘सायकोनॉट्स’चे प्रकाशनाचे हक्क २०११ मध्ये परत मिळाले आणि मग जुना गेम त्यांना स्वतः विकता आला.

पब्लिशर काढला तर

आता कोणी म्हणेल, इंटरनेट आहे, स्टीम आहे, मग हा मधला माणूस हवाच कशाला? शंभर डॉलर भरून कोणालाही स्टीमवर गेम लावता येतो, हे खरं. म्हणूनच २०२४ या एका वर्षात तिथे १८,००० हून जास्त गेम आले. त्या ढिगात आपला गेम कोणाला दिसणार?

‘बलाट्रो’ हा पत्त्यांचा गेम एका माणसाने बनवला, प्रकाशित केला प्लेस्टॅकने, फेब्रुवारी २०२४ मध्ये. वर्षभरात पन्नास लाख प्रती. पण आल्या आल्या त्याचं वयाचं मानांकन बदललं, जुगारासारखा दिसतो म्हणून थेट १८ वर्षांवरच्यांसाठी, आणि काही दुकानांमधून तो काही काळ उतरवला गेला. खरं तर त्यात पैसे लावायची सोयच नाही. पुढे अपील झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपातल्या मानांकन संस्थेने ते १२ वर आणलं. एकटा बनवणारा माणूस कोड दुरुस्त करत बसला असताना निरनिराळ्या देशांतल्या दुकानांशी, मानांकनवाल्यांशी पत्रव्यवहार करणार कोण? कन्सोल म्हणजे गेमचं घरगुती यंत्र; त्याच्या मालकाकडून होणारी तपासणी हाही असाच प्रकार. खेळता खेळता कंट्रोलर सुटला तर गेम थांबून सूचना दिसते की नाही, इथपासून सगळं बघतात आणि नापास केलं तर दुरुस्त करून पुन्हा रांगेत. भाषांतर, ट्रेलर, स्ट्रीमरांना आधीच प्रती पाठवणं, दुकानाच्या पहिल्या पानासाठी मागे लागणं या कामांत मिरवण्यासारखं काही नाही आणि ती टाळताही येत नाहीत.

पब्लिशर दुसरं एक काम करतो, ज्याबद्दल त्याचे आभार कोणी मानत नाही. तो तारीख लावतो. ‘ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर’ १९९७ मध्ये जाहीर झाला. तो बनवणाऱ्या थ्रीडी रिअल्म्सकडे स्वतःचा पैसा होता, कोणाच्या माइलस्टोनची भीती नव्हती आणि ‘होईल तेव्हा होईल’ हा बाणा होता. इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा असतो ते मूळ सॉफ्टवेअर, बदललं, पुन्हा बदललं, २००९ मध्ये पैसे संपून चमू घरी गेला. दुसऱ्याच स्टुडिओने २०११ मध्ये तो पूर्ण केला आणि तो चांगला नव्हता. ‘स्टार सिटिझन’ने २०१२ पासून चाहत्यांकडून ७० कोटी डॉलरहून जास्त गोळा केले, पूर्ण गेम अजून यायचा आहे. याच्या बरोबर उलट टोकाला टीम चेरी हा छोटा स्टुडिओ. त्यांचा ‘सिल्कसाँग’ २०१९ मध्ये जाहीर झाला आणि आला सप्टेंबर २०२५ मध्ये, वीस डॉलरला, पब्लिशरविना आणि उत्तम. पण ती चैन त्यांना परवडली कारण आधीचा ‘हॉलो नाइट’ भरपूर खपला होता. म्हणजे स्वतःचे पब्लिशर ते स्वतःच झाले, भांडवलासकट.

व्हॉल्व्ह तर त्याच्याही पुढे गेली. ‘हाफ-लाइफ’ १९९८ मध्ये सिएराने प्रकाशित केला. पुढे सिएराच्या मालक कंपनीशी हक्कांवरून कज्जा झाला, दरम्यान २००३ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम सुरू केलं. आज पीसीवर गेम विकायचा तर बहुतेकांना तिथेच जावं लागतं आणि ३० टक्के द्यावे लागतात. २०१८ पासून एक कोटी डॉलरच्या वरच्या कमाईवर २५ टक्के आणि पाच कोटींच्या वर २० टक्के. सवलत आहे, पण ती ज्यांना सर्वांत कमी गरज आहे त्यांना! त्याच वर्षी एपिक या गेम कंपनीने आपलं दुकान १२ टक्क्यांवर उघडलं, तरी गिऱ्हाईक स्टीमवरून फारसं हललं नाही.

पब्लिशर नसला म्हणजे घाई नसते, हाही गैरसमजच. ‘सायबरपंक २०७७’ बनवणारी सीडी प्रोजेक्ट स्वतःच स्वतःची पब्लिशर होती. डिसेंबर २०२० मध्ये गेम जुन्या कन्सोलवर अशा अवस्थेत आला, की आठवड्याभरात सोनीने तो दुकानातून काढला. जून २०२१ मध्ये तो परत आला. बाहेरचा कोणी मानगुटीवर नव्हता. शेअर बाजार होता, जाहीर केलेल्या आणि पुढे ढकललेल्या तारखा होत्या.

विकत घेतल्यावर

दोघांतली कटकट संपवायचा एक मार्ग म्हणजे पब्लिशरने स्टुडिओच विकत घेणं. मग उचल नाही, वसुली नाही, सगळे पगारी. निवांतपणा खरा, पण बंद करायचा अधिकारही मालकाचाच. ओरिजिन, बुलफ्रॉग, वेस्टवुड हे नावाजलेले स्टुडिओ इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने घेतले आणि पुढे बंद केले. २०२३ मध्ये एम्ब्रेसर या अनेक स्टुडिओंच्या मालक कंपनीचा दोनशे कोटी डॉलरचा एक सौदा फिसकटला आणि त्यानंतरच्या काटछाटीत व्हॉलिशनसारखा जुना स्टुडिओ गेला. त्यात व्हॉलिशनचा थेट दोष किती, यावर वाद घालता येईल. पण तो सौदा काही त्यांनी फिसकटवला नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या टँगो गेमवर्क्स या स्टुडिओचा ‘हाय-फाय रश’ जानेवारी २०२३ मध्ये आला, वाखाणला गेला, बक्षिसं मिळाली. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तीनच महिन्यांत कोरियाची गेम कंपनी क्राफ्टन पुढे आली आणि तिने टँगोची माणसं आणि ‘हाय-फाय रश’चे हक्क घेतले. चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतलं. याच क्राफ्टनने २०२१ मध्ये ‘सबनॉटिका’ बनवणारा अननोन वर्ल्ड्स स्टुडिओ ५० कोटी डॉलरना घेतला होता, आणि ठरलेली कमाई झाली तर आणखी २५ कोटींपर्यंत देण्याचं कबूल केलं होतं. जुलै २०२५ मध्ये तिने त्या स्टुडिओचे तिन्ही प्रमुख बदलले आणि ‘सबनॉटिका २’ पुढच्या वर्षावर ढकलला. जुन्या प्रमुखांचं म्हणणं, वरचे २५ कोटी द्यावे लागू नयेत म्हणून हा उशीर केला. क्राफ्टनचं म्हणणं, गेम तयारच नव्हता आणि यांनी कामाकडे पाठ फिरवली होती. प्रकरण डेलावेअरच्या कोर्टात गेलं, आणि दावा ज्यावर उभा राहिला ते कलम खरेदीच्या करारात २०२१ पासून लिहिलेलं होतं.